इयापेटस

ग्रीक पुराणकथांतील एक टायटन, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीतला देव. आकाशदेव युरेनस व पृथ्वीमाता गीया यांच्या बारा टायटन अपत्यांपैकी हा एक आणि क्रोनसचा भाऊ. त्याच्या स्वतःच्या नावावर फारशी कथा नाही. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या देवांच्या वंशावळीच्या काव्यात तो येतो तो मुख्यतः बाप म्हणून. देवांचा राजा झ्यूस त्याच्या मुलाला, प्रॉमिथ्यूसला, रागाने हाक मारतो, तीही ‘इयापेटसच्या पुत्रा’ अशीच. अलीकडच्या याद्यांत त्याला ‘मर्त्यतेचा देव’ म्हटलेले आढळते, पण हेसिअडने असे काही म्हटलेले नाही.

हेसिअडच्या मते टायटन ओशनसची मुलगी क्लायमिनी ही त्याची पत्नी. अपोलोडोरसच्या नावावरील ग्रंथात तिचे नाव एशिया असे येते. त्यांना चार मुलगे झाले आणि चौघांचेही झ्यूसच्या राज्यात वाईटच झाले. उद्दाम मिनीशियसला झ्यूसने वीज टाकून पाताळात ढकलले. अ‍ॅटलासच्या माथी पृथ्वीच्या पश्चिम टोकाला आकाश पेलून धरण्याचे काम आले. त्याने पृथ्वीचा गोल उचलला होता, हा समज नंतरचा.

तिसरा प्रॉमिथ्यूस, घरातला सर्वांत हुशार. मेकोनी येथे बळीच्या बैलाचे वाटे करताना त्याने चरबीखाली नुसती हाडे झाकून ती झ्यूसपुढे ठेवली आणि मांस माणसांसाठी राखले. चिडलेल्या झ्यूसने माणसांपासून अग्नी लपवला, तेव्हा प्रॉमिथ्यूसने तो एका पोकळ दांड्यातून चोरून आणला. याची शिक्षा म्हणजे साखळदंड आणि रोज यकृत खाणारा गरुड. रात्रीत यकृत पुन्हा वाढे. पुढे हेराक्लीसने तो गरुड मारला. धाकटा एपिमीथ्यूस मात्र भोळा. झ्यूसकडून काही घेऊ नकोस, असे भावाने बजावले असतानाही त्याने झ्यूसने पाठवलेल्या पँडोरा या स्त्रीला घरात घेतले आणि तिने रांजणाचे झाकण उघडताच दुःखे जगभर पसरली.

प्रॉमिथ्यूसचा मुलगा ड्यूकेलियन आणि एपिमीथ्यूस-पँडोराची मुलगी पिरा हे पती-पत्नी महापुरातून वाचले. त्यांनी पाठीमागे फेकलेल्या दगडांतून नवी माणसे उभी राहिली. त्यांचाच मुलगा हेलेन हा ग्रीकांचा, म्हणजे हेलेनिस लोकांचा, मूळपुरुष. ऑलिंपस या देवांच्या पर्वतावर या घराण्याला थारा मिळाला नाही, पण माणसांचा वंश त्याच्याशीच जोडला गेला.

खुद्द इयापेटस झ्यूसने टायटनांचा पराभव केल्यानंतर टार्टरस या खोल पाताळात गेला. होमरच्या ‘इलियड’च्या आठव्या सर्गात तो व क्रोनस पृथ्वी-समुद्राच्या तळाशी बसलेले दिसतात, तिथे ऊन पोचत नाही की वारा.

१६७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोव्हानी कॅसिनी याला शनीचा एक उपग्रह सापडला. तो शनीच्या पश्चिमेला असतानाच दिसे. पूर्वेला गेला की इतका मंद होई, की त्या काळच्या दुर्बिणीत सापडत नसे. त्याचा एक अर्धा भाग काळपट व दुसरा उजळ असल्याने असे होते. १८४७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने त्याला इयापेटसचे नाव सुचवले. शनी म्हणजे रोमनांचा सॅटर्न, ग्रीकांचा क्रोनस. म्हणून हर्शेलने उपग्रहांना सुचवलेली नावे मुख्यतः क्रोनसच्या भावाबहिणींची. नंतर सापडलेल्या उपग्रहांत अ‍ॅटलास, प्रॉमिथ्यूस, एपिमीथ्यूस आणि पँडोराही आहेत.