मोटारीतील राखीव इंधन आणि टाकी भरण्याची वेळ

राखीव इंधन (रिझर्व्ह) : मोटारीच्या टाकीतील इंधन ठरावीक पातळीखाली उतरल्यावर उरणारा शेवटचा साठा. पातळी तिथे आली की चालकासमोरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असे म्हणतात ते यालाच. बहुतेक मोटारींच्या टाक्या ३५ ते ६० लिटरच्या असतात आणि दिवा लागतो तेव्हा त्यांत साधारणपणे ५ ते ८ लिटर इंधन शिल्लक असते. आपल्या गाडीचा आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत सहसा सापडतो. तो पाहूनच ठेवावा, कारण एका गाडीचा अंदाज दुसरीला लागू पडत नाही.

सुरुवातीच्या मोटारींत इंधन मोजायला काटाच नसे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये टाकीत काठी बुडवून पातळी पाहत. या गाडीला इंधनाचा पंपही नव्हता. बहुतेक मॉडेल टी गाड्यांची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि तिथून पेट्रोल केवळ उतारामुळे कार्ब्युरेटरपर्यंत (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत) वाहत येई. टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला, की टाकीतली पातळी कार्ब्युरेटरच्या खाली जाऊन इंजिन बंद पडे. मग चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’लाही १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत काटा नव्हता. इंजिन आचके देऊ लागले की पायाजवळची कळ फिरवून राखीव पेट्रोल सुरू करायचे, अशी तिची सोय होती. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकींतील रिझर्व्हची तोटी याच तत्त्वावर चालते. अशा व्यवस्थेत राखीव साठा कळ फिरवल्याशिवाय हाती येत नाही. आजच्या मोटारीत असा वेगळा साठा नसतो. त्याच टाकीतले तळाचे इंधन म्हणजे रिझर्व्ह. दिवा फक्त सूचना देतो, अडवत काहीच नाही.

काटा चालतो तो टाकीतल्या तरंगीवर. तरंगी वर-खाली झाली की तिला जोडलेल्या घटकाचा विद्युत रोध बदलतो आणि त्यानुसार काटा सरकतो. मात्र टाकीचा आकार चौकोनी डब्यासारखा नसतो. मागचे आसन, धुराड्याचा पाइप, चाकांचे सांधे यांना जागा सोडत ती वेडीवाकडी घडवलेली असते. त्यामुळे पहिली अर्धी टाकी सावकाश संपते आणि उरलेली भराभर, असे पुष्कळ गाड्यांत वाटते. चढावर किंवा वळणावर इंधन एका बाजूला जाते. तेवढ्याने काटा हलू नये म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. ‘अजून इतके किलोमीटर’ हा फलकावरचा आकडा तर मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो. अलीकडच्या काही अंतरात गाडीने जे ॲव्हरेज दिले, त्याला शिल्लक इंधनाने गुणून तो येतो. मोकळ्या रस्त्यावर ८० किलोमीटर दाखवणारा आकडा घाट सुरू होताच किंवा वाहतूक तुंबताच झपाट्याने कोसळतो. ज्या प्रवासात त्याचा आधार हवा असतो, तिथेच तो सर्वांत कमी विश्वासाचा असतो.

रिझर्व्हवर गाडी चालवत राहण्याचे नुकसान मुख्यतः पंपाला होते. इंधन फवारणाऱ्या (इंजेक्शनच्या) पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीतच बसवलेला असतो. पंपाची मोटर चालताना तापते आणि तिला थंड ठेवण्याचे काम पंपातून वाहणारे व भोवतीचे पेट्रोलच करते. पंपाभोवती एक छोटी वाटी असते. टाकीतली पातळी उतरली तरी या वाटीत पेट्रोल राहते, म्हणून दिवा लागल्या लागल्या पंप जळेल असे नाही. पण इंधन अगदी तळाला गेल्यावर वळण, जोराचा ब्रेक किंवा उभा चढ आला की वाटी पुरी भरत नाही आणि पंप पेट्रोलसोबत हवा ओढतो. हवेने ना थंडावा मिळतो, ना वंगण. एकदोनदा असे झाल्याने सहसा काही बिघडत नाही, मात्र वर्षानुवर्षे रिझर्व्हवरच चालणाऱ्या गाडीचा पंप वेळेआधी थकतो. तो बदलायला टाकीपर्यंत पोचावे लागते. काही गाड्यांत टाकी उतरवावीही लागते. वेळेवर भरलेले पेट्रोल आज ना उद्या लागणारच असते, त्याचा खर्च काही वाढत नाही. ही दुरुस्ती मात्र निव्वळ जादा खर्च आहे.

पंपात हवा गेल्यावर इंधनाचा दाब पडतो, इंजिन मिसफायर करते, म्हणजे आतले इंधन नीट पेटत नाही, आणि न जळालेले मिश्रण धुराड्यात जाते. तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतो. न जळालेले इंधन त्याच्या आत पेटले तर तापमान याच्या खूप वर जाते आणि आतली जाळी वितळू शकते.

डिझेल गाडीत टाकी पूर्ण रिकामी होणे याहून वाईट. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे एकाच उच्चदाब नळीतून सगळ्या सिलिंडरांना डिझेल देणाऱ्या, इंजिनात डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) किंवा त्याहूनही अधिक असतो आणि एवढा दाब देणाऱ्या पंपाच्या भागांना वंगण मिळते ते डिझेलमधूनच. डिझेल संपले की लाइनमध्ये हवा शिरते, ‘गाडी एअर पकडते’. मग नुसते डिझेल ओतून ती सुरू होईलच असे नाही. हातपंप दाबून किंवा जोडणी सैल करून हवा काढावी लागते. टाकीत विजेचा पंप असलेल्या नव्या गाड्या पुष्कळदा स्वतःच हवा काढतात, तरी कोरड्या फिरलेल्या उच्चदाब पंपाला बसलेली झीज भरून येत नाही. डिझेल गाडीच्या चालकाने रिझर्व्हचा दिवा जास्तच मनावर घ्यावा, तो यासाठी.

‘तळाचा गाळ ओढला जातो, म्हणून टाकी खाली जाऊ देऊ नये’ हे कारण सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. पंप नेहमी तळातूनच इंधन घेतो, टाकी भरलेली असो वा रिकामी. त्याच्या तोंडाशी जाळी असते आणि पुढे फिल्टर. जुन्या, आतून गंजलेल्या पत्र्याच्या टाकीत मात्र कमी इंधन हिंदकळून तळचा गाळ ढवळते, तिथे ही भीती रास्त आहे. आजच्या बहुतेक टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्या गंजत नाहीत. पाण्याची गोष्ट वेगळी. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते, पण ते प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली उतरतात. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी बरीचशी भरलेली ठेवली तर आत हवा आणि तिच्यातले बाष्प कमी राहते.

मग भरायचे कधी? काटा पाव टाकीवर आला की, हा जुना नियम आजही चांगला आहे. एवढे इंधन असेल तर टाकीतला पंप बुडलेला राहतो आणि रस्त्यावरचा पुढचा पेट्रोल पंप बंद निघाला तरी त्यापुढच्यापर्यंत जाता येते. अनोळखी किंवा डोंगराळ रस्ता, रात्रीचा प्रवास, पुराचे वा बर्फाचे दिवस असतील तर अर्ध्यावरच भरावे. छोट्या गाडीचे इंजिन जागेवर चालू ठेवले तरी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जळते, एसी लावल्यास जास्त. रिझर्व्हवर असताना तीन-चार तास वाहतूक तुंबली, तर गाडी एक किलोमीटर न चालताही राखीव साठ्यातला मोठा हिस्सा संपतो. वजन कमी राहावे म्हणून थोडे थोडे भरणाऱ्यांनी हेही पाहावे : ४० लिटर पेट्रोलचे वजन ३० किलोच्या आसपास, म्हणजे एका लहान मुलाएवढे. तेवढ्याने ॲव्हरेजमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

काठोकाठ भरणेही चुकीचे. नोझलच्या टोकाशी एक छिद्र असते. इंधन तिथवर आले की नोझल आपोआप बंद होते आणि त्यापुढे भरायचे नसते. वर उरलेली जागा प्रसरणासाठी आहे. पेट्रोल दर अंशाला हजारात सुमारे एक भाग फुगते, म्हणजे तापमान १५ अंशांनी वाढले तर ४० लिटर पेट्रोलला अर्ध्या लिटरहून जास्त जागा लागते. ‘अजून थोडे बसेल’ म्हणत दाबून भरलेले पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शिरून ती निकामी करू शकते. भरण्याचे झाकण कोणत्या बाजूला आहे हे दाखवणारा काट्याजवळचा छोटा बाण फोर्डमधील जिम मॉयलन यांनी १९८६मध्ये सुचवला. आज तो बहुतेक गाड्यांत असतो.

चालत्या गाडीत इंधन संपलेच तर इंजिन आधी आचके देते, मग बंद पडते. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग लगेच जड होते. ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरताच निर्वात (व्हॅक्यूम) उरलेला असतो, त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकाच दाबात, सलगपणे लावावा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. उरलेल्या वेगातच गाडी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे. वेगाच्या रस्त्यावर बंद गाडीत बसून राहणे फार धोक्याचे आहे.

पुन्हा सुरू करताना एक-दीड लिटर पुरेलच असे नाही, विशेषतः गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर. निदान चार-पाच लिटर ओतावे. मग सेल्फ न मारता किल्ली नुसती ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद थांबावे, बंद करावी आणि असे तीन-चारदा करावे. दर वेळी पंप थोडा चालून लाइनमध्ये दाब भरतो. त्यानंतर सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये.

सीएनजीवर चालणाऱ्या दुहेरी इंधनाच्या गाड्यांत हाच प्रश्न नजरेआड राहतो. रोजचे चालणे गॅसवर असल्याने पेट्रोलचा काटा तळाला गेल्याचे लक्षात येत नाही. अनेक अशा गाड्या सुरू होतात पेट्रोलवर, म्हणजे पंप रोज थोडा वेळ जवळजवळ कोरड्या टाकीत फिरतो आणि उरलेले पेट्रोल महिनोन्महिने पडून शिळे होते. अशा गाडीत पाव टाकी पेट्रोल कायम असू द्यावे आणि अधूनमधून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवून ते ताजे ठेवावे.