पहिली रायफल घेताय? मग पैसे काढायच्या आधी हे वाचा

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून आमच्या दुकानातला फोन काही थांबत नाही. आनंदच आहे, धंदा आहे आमचा. पण रोज तेच चार-पाच प्रश्न येतात, आणि काउंटरवर गर्दीत घाईघाईनं दिलेल्या उत्तरावर कुणीतरी नको ती रायफल घेऊन बसतो, मग सहा महिन्यांनी ती कपाटावर धूळ खात पडते. म्हणून हे कागदावर उतरवलं. चहा घेत वाचा.

पहिला प्रश्न हमखास असा असतो: "सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे ट्रिगर ओढला की पुढची गोळी आपोआप चढते ती, आहे का हो?" पोरगं मोबाईलवर गेममधला फोटो दाखवतं, वडील मागे उभे राहून हसतात. नाही, आमच्याकडे नाही. परदेशात लोक पहिली स्पोर्टिंग रायफल म्हणून सेमी-ऑटो घेतात, तिला नवीन ट्रिगर, नवीन दस्ता असं काय काय लावत बसतात, ते व्हिडिओ आम्हीपण बघतो. पण आपल्याकडे सेमी-ऑटोचे नियम फार कडक आहेत, आणि दुसरं म्हणजे खेळात तिचा उपयोगच नाही. १० मीटर एअर रायफल असो नाहीतर स्वप्निलची ५० मीटरची पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीची), दर वेळी एकच गोळी हातानं भरायची, मारायची, परत भरायची. पटापट मारण्याला इथं मार्क नाहीत. १० मीटरला ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, आणि नवीन पोरं तरीही वीस मिनिटांत साठच्या साठ संपवतात.

तर पहिली रायफल म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर, म्हणजे नळीचं भोक, ४.५ पर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. १० मीटरच्या मॅच रायफलची, म्हणजे स्पर्धेच्या रायफलची, ताकद साधारण साडेसात ज्यूलच असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. लायसन्स नाही म्हणून ओळखपत्र नाही असं मात्र समजू नका, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि पत्ता आम्ही रजिस्टरला लिहून घेतो, "ओळखीचा आहे, राहू दे" हे चालणार नाही, रागावू नका. आणि शेतावर पाखरं मारायला पाहिजे असेल तर कृपा करून दुकानात येऊच नका. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, एअर गननं मारलं तरी गुन्हा तो गुन्हाच.

आता कुठली घ्यायची. ढोबळमानानं दोन जाती आहेत. एक स्प्रिंगची, म्हणजे नळी मोडून कॉक करायची ती. आत स्प्रिंग आणि पिस्टन असतो, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढं धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हातात हलते. म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की छर्रे इकडे तिकडे जातात, सैल आणि दर वेळी एकसारखी धरली की सरळ जातात. स्वस्त आहे, हवा भरायची भानगड नाही, इंडियन मेक चांगल्या मिळतात आणि शाळा-जिल्हा पातळीवर ओपन साइटच्या (नळीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरायच्या) ज्या स्पर्धा असतात त्यात पोराला उतरवता येतं. आमचं मत विचाराल तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खेळ आवडतोय की नाही हे बघायला पहिलं वर्ष हीच बरी. आवडला नाही तर नुकसान थोडक्यात.

दुसरी पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. खाली सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरायची, एकदा भरली की मॉडेलप्रमाणे दोनशेच्या आसपास शॉट निघतात. धक्का जवळपास नसतोच. पीप साइटच्या, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायच्या, स्पर्धेत गंभीरपणे उतरायचं तर शेवटी हीच लागते. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ या जर्मनीतल्या, स्टायर ऑस्ट्रियातली, आणि आपल्याकडे महाराष्ट्रातलीच प्रिसिहोल बनवते. इम्पोर्टेड मॅच रायफल दोन लाखांच्या वर जाते, ड्युटी आणि डॉलर-युरोप्रमाणे भाव हलतो, म्हणून आकडा इथं छापत नाही, छापला की लोक दोन वर्षांनी कागद घेऊन भांडायला येतात.

पण जात कुठली यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती तुमच्या अंगाला बसते का. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. स्पर्धेत रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, म्हणून लोक पाच किलोची घेतात, आणि ती धरणार कोण, तर पस्तीस किलोचं पोरगं. दहा शॉटनंतर पाठ वाकते, मान खाली जाते, आणि मग कोच म्हणतो पोझिशन चुकतेय. पोझिशन नाही हो चुकत, रायफल जड होतेय. ज्युनिअरसाठी साडेतीन-चार किलोच्या रायफली येतात, त्या बघा.

दुकानात आम्ही एक साधी टेस्ट घेतो. मुलानं डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, आणि मग डोळे उघडायचे. मागच्या साइटच्या छिद्रातून पुढची रिंग आपोआप मध्ये दिसली तर दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी बरोबर आहे. मान पुढे ताणावी लागली किंवा वर उचलावी लागली तर नाही. म्हणून अ‍ॅडजस्ट होणारा दस्ता आणि चीकपीस (तीच गालाची पट्टी) असलेलंच मॉडेल घ्या, वाढत्या वयात मुलं वर्षभरात चार बोटं उंच होतात, रायफल तीच राहते. डोळ्याचीपण टेस्ट करतो: दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवून लांबचं घड्याळ बघायला सांगतो, मग एक-एक डोळा झाकायचा. कितीतरी उजव्या हाताची मुलं डाव्या डोळ्यानं बघणारी निघतात, आणि हे रायफल घेतल्यावर कळलं तर सगळाच घोळ.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी हा परिच्छेद दोनदा वाचा. ओळखीतून, ग्रुपवरून, जुन्या खेळाडूकडून चांगली मॅच रायफल निम्म्या भावात मिळते आणि खरंच फायद्याची असते, आम्ही स्वतः विकतो. पण सिलिंडरवर तारीख असते ती बघा. बनवल्यापासून साधारण दहा वर्षं त्याचं आयुष्य धरतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या इक्विपमेंट चेकिंगला चालत नाही. मागच्या वर्षी एक काका छान चकचकीत रायफल घेऊन आले, कुणाकडून घेतली ते सोडा, सिलिंडरची मुदत संपून तीन वर्षं झालेली. नवीन सिलिंडर मागवायला जो खर्च आला त्यात निम्मी बचत गेली. सोबत भरायचा अ‍ॅडॅप्टर आहे का तेपण विचारा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

हवेचं पण सांगून टाकतो कारण याला चूक चालत नाही. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा. पाणबुड्यांची स्कूबाची टाकी, चांगला कॉम्प्रेसर नाहीतर हातपंप. ऑक्सिजन कधीही नाही, वेल्डिंगवाल्याकडचा नाही, हॉस्पिटलचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी नाही, प्रेशरखाली ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब एकत्र आले की स्फोट होतो. भरायच्या तोंडाला ग्रीस-तेल लावू नका, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) कोरडी वाटली तर आमच्याकडे आणा, पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे आम्ही पैसेपण घेत नाही.

आता अपग्रेड. हा शब्द ऐकला की आम्हाला दुकानदार म्हणून आनंद व्हायला पाहिजे, पण खरं सांगायचं तर जे लोक तिसऱ्या महिन्यात "ट्रिगर बदलायचाय, वजनं लावायचीत, बॅरल दुसरी पाहिजे" म्हणत येतात त्यांना आम्ही आधी घरी पाठवतो एक काम देऊन. रायफल टेबलावर उशी किंवा वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर टेकवा आणि एकाच निशाणावर पाच-पाच शॉटचे चार ग्रुप मारा. कागद घेऊन या. टेकवून मारल्यावर पाची छर्रे एकाच भोकात जात असतील, भोक जरा रुंदावलं एवढंच, तर रायफल निर्दोष आहे आणि उभं राहून मारल्यावर येणारा सात-आठचा मार्क हा तुमचाच आहे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. त्याच्यासाठी दोन लाख घालायच्या आधी दोन महिने उभं राहायला शिका, होल्डिंगचा सराव करा, नुसती रायफल धरून, शॉट न मारता. पीसीपीला ड्राय फायरची, म्हणजे छर्रा-हवा न सोडता नुसता ट्रिगर ओढायची, सोय असते ती वापरा, पण स्प्रिंगच्या रायफलला छर्रा न भरता मारू नका, पिस्टन आपटून सील जातं.

टेकवूनसुद्धा ग्रुप पसरत असेल, म्हणजे भोकं लांबलांब पडत असतील, तर पहिला संशय छर्ऱ्यावर घ्या. हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे आणि कुणालाच आवडत नाही कारण दिसत नाही. मॅचला चपट्या तोंडाचे छर्रे लागतात, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात ते. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी हे चालणारे ब्रँड. त्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ती छर्ऱ्याच्या डोक्याची साइज. एकाच कंपनीच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला ४.४९ आवडतो, दुसरीला ४.५०. आमच्याकडे सॅम्पल म्हणून प्रत्येकातले थोडे थोडे मिळतात, टेकवून मारून बघा, जो चालेल त्याचे एकाच बॅचचे चार-पाच डबे घेऊन ठेवा. आणि छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जेवणाचा डबा म्हणतोय.

छर्ऱ्यानंतर साइट. पुढच्या साइटमधली रिंग नवीन लोक बारीक घेतात, वाटतं बारीक म्हणजे अचूक. निशाणाचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, तो रिंगमध्ये बसल्यावर भोवती पांढरं नीट दिसायला पाहिजे, नाहीतर डोळा ताणतो आणि हात आखडतो. सुरुवातीला ३.८ ते ४.२ च्या आसपासची रिंग लावून बघा, किंमत फार नाही आणि फरक त्याच दिवशी दिसतो. शिवाय न वापरणाऱ्या डोळ्यापुढं लावायची पांढरी पट्टी, ब्लाइंडर म्हणतात, ती तर घरी पुठ्ठ्याची पण होते.

मग जॅकेट. हे रायफलच्या आधी घ्यावं की नंतर यावर आमच्या दुकानातच दोन पार्ट्या आहेत. माझं म्हणणं, इम्पोर्टेड रायफल आणि बिनजॅकेट यापेक्षा साधी रायफल आणि अंगाला मापात शिवलेलं जॅकेट, पँट, बूट हे कधीही चांगलं, कारण उभ्या पोझिशनमध्ये कंबर आणि पाठ तेच धरतात. फक्त वाढत्या पोराला महागातलं शिवू नका आणि फार कडक घेऊ नका, नियमात कापडाची जाडी एका थराला २.५ मिलिमीटरपर्यंतच चालते, कडकपणाही मशिनवर तपासतात, चेकिंगला नापास झालेलं जॅकेट घेऊन रडणारी मुलं आम्ही बघितली आहेत.

ट्रिगर शेवटी. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही म्हणून लोक इतका हलका करतात की बोट लागायच्या आधी शॉट सुटतो. पहिलं वर्ष जरा जड ठेवा. आणि "पॉवर वाढवून द्या, जाड स्प्रिंग टाका" हे आम्ही करत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. धक्का वाढतो, ग्रुप बिघडतो, वर २० ज्यूल ओलांडलं की लायसन्सचा विषय होतो. १० मीटरवर कागदच तर फाडायचाय.

घरी सराव करणाऱ्यांनी निशाणामागं छर्रे अडवणारा लोखंडी पेलेट ट्रॅप लावा, मधे दरवाजा येत असेल तर त्याला आतून कडी, आणि रायफल वापरात नसताना नळीतून केशरी सेफ्टी दोरा आरपार. गच्चीवर नको, गल्लीत तर नकोच. पावसाळ्यात बॅगेतच ठेवू नका, फोमला ओल धरते आणि नळीला गंज, कोकणातल्या गिऱ्हाइकांनी हे जास्त मनावर घ्यावं.

दुकानात येताना ज्याला खेळायचंय त्याला घेऊन या, नुसतं माप सांगून चालत नाही. पातळ सोलचे बूट घालून या, बाह्या घट्ट नकोत. जुनी रायफल असेल तर ती आणि टेकवून मारलेले कागद. शनिवारी दुपारी क्लबची मुलं असतात म्हणून गर्दी होते, बुधवारी सकाळी आलात तर दुकानामागच्या दहा मीटरच्या रेंजवर अर्धा तास मारूनच बघता येईल, छर्रे आमच्याकडून.