जेरियाट्रिक्सकडे वळायचंय? एमबीबीएसमधली एसटीएस ते पुढची एमडी: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागली की कितीतरी खाटांवर सत्तरीच्या आसपासचे आजी-आजोबा दिसतात. तरी एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत जेरियाट्रिक्स, म्हणजे वृद्धांच्या आजारांचं शास्त्र, असा स्वतंत्र विषय नसतो. त्यामुळे पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) चॉइस फिलिंगला, म्हणजे शाखा-कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला, बसेपर्यंत या शाखेत एमडी करता येते, हेच अनेकांच्या गावी नसतं. मद्रास मेडिकल कॉलेजात ही एमडी १९९६ पासून आहे!

पण या शाखेची ओळख करून घ्यायला पीजीपर्यंत थांबायची गरज नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे सगळे जिला एसटीएस म्हणतात ती योजना, १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचं छोटं संशोधन करायचं असतं. विषय तुमचा तुम्ही निवडायचा. तो वार्धक्याशी जोडायला कोणाची आडकाठी नाही.

पात्रता सोपी आहे. एमबीबीएस किंवा बीडीएसला शिकत असाल आणि अंतिम परीक्षा व्हायची असेल तर अर्ज करता येतो. इंटर्न आणि पीजी विद्यार्थ्यांना नाही. म्हणून दुसरं-तिसरं वर्ष हाच खरा काळ. फायनलच्या तोंडावर हे झेंगट गळ्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाईड मात्र हवाच, आणि तो आपल्या कॉलेजचा पूर्णवेळ अध्यापक असावा लागतो. वॉर्डातले रेसिडेंट कितीही मदत करणारे असले तरी गाईड म्हणून चालत नाहीत. एका वर्षी एका गाईडकडे एकच विद्यार्थी असा नियम असल्याने ज्या सरांना किंवा मॅडमना विचारायचं त्यांना लवकर विचारा. जेरियाट्रिक्सचा विभाग नसला तरी बिघडत नाही. मेडिसिन, पीएसएम (समाजवैद्यक), सायकियाट्री, ऑर्थो, फार्माकॉलॉजी यांपैकी कुठलाही विभाग चालेल.

अर्ज ऑनलाइन असतो. त्या वर्षीची सूचना निघाली की आधी नोंदणी करायची, मग प्रस्ताव भरायचा: शीर्षक, प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, उपयोग. सोबत एक साक्षांकन फॉर्म लागतो. त्यावर विद्यार्थी, गाईड आणि कॉलेजप्रमुख अशा तिघांच्या सह्या आणि शिक्के घेऊन तो स्कॅन करून चढवायचा. डीन नेमके शेवटच्या आठवड्यात बाहेरगावी असतात, हे गृहीत धरूनच चाला.

बारकावा असा, की प्रस्तावात कुठेही आपलं, गाईडचं किंवा कॉलेजचं नाव येता कामा नये. परीक्षकाला ओळख कळू नये यासाठी हा नियम आहे. ‘आमच्या अमुक रुग्णालयाच्या ओपीडीत’ हे वाक्य सवयीने लिहिलं जातं आणि चांगला प्रस्ताव हातचा जातो. ‘एका शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत’ एवढं पुरे.

विषय निवडताना दोन महिन्यांत काय उरकेल ते पाहा. ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीला एक खुर्ची, तीन मीटर मोकळी जागा आणि घड्याळ एवढंच लागतं: माणूस खुर्चीतून उठतो, चालतो, वळतो, परत येऊन बसतो, तुम्ही सेकंद मोजता. पडण्याच्या धोक्यावर यातून नेटका अभ्यास होतो. औषधांचा पसारा हा दुसरा विषय. साठीपुढच्या रुग्णांच्या केसपेपरवर किती गोळ्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या बीअर्स निकषांत टाळाव्यात म्हणून सांगितल्या आहेत, हे पाहायचं. हे निकष १९९१ मध्ये पहिल्यांदा आले, २०२३ मध्ये पुन्हा सुधारले गेले. स्मरणशक्तीवर काम करणार असाल तर जपून. मिनी-कॉग या स्मरणशक्तीच्या छोट्या चाचणीत घड्याळाचं चित्र काढायला सांगतात. ज्या आजींनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही त्यांना त्यात कमी गुण पडले, तर तो डिमेन्शिया नव्हे.

एथिक्स कमिटीची मंजुरी प्रस्तावासोबत द्यावी लागत नाही, अहवालासोबत मात्र लागते. म्हणून निवड होण्याची वाट न पाहता कमिटीकडे अर्ज टाकून ठेवलेला बरा, कारण तिच्या बैठका रोज होत नाहीत. संमतिपत्र मराठीत करा, अक्षर मोठं ठेवा. लिहिता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि संमती देण्याइतकी समज उरली नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती. या दोन गोष्टी अर्जात आधीच लिहिल्या तर कमिटीचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

स्टायपेंड दोन महिन्यांचा मिळून ५०,००० रुपये ठरलेला आहे, पण त्या वर्षीची सूचना वाचूनच आकडा धरा. निवड झाली म्हणून लगेच पैसे येत नाहीत. अहवाल मुदतीत भरून तो मंजूर झाला की मगच प्रमाणपत्र आणि रक्कम.

एसटीएस हुकली तरी संशोधनाला दुसरी वाट आहे. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयपीएसने, लासी या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये केली. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती त्यात आहे. संस्थेचा मागणी फॉर्म भरून ती अभ्यासासाठी मिळते. आकडेमोडीची आवड असेल तर वॉर्डात पाऊल न टाकताही चांगला पेपर होतो.

आता एमडी. कोर्स तीन वर्षांचा. एमबीबीएस, त्या वर्षीच्या अंतिम तारखेआधी पूर्ण झालेली इंटर्नशिप, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि नीट-पीजी या प्रवेश परीक्षेत खुल्या गटासाठी ५० वा, तर एससी, एसटी, ओबीसींसाठी ४० वा पर्सेंटाइल ही मूळ अट; कधीकधी तीही नंतर खाली आणली जाते. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्याच्या; त्या आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसीकडून (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून), राज्याच्या जागा राज्याच्या सीईटी सेलकडून भरल्या जातात. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीतलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा राज्य कोट्यासाठी जुन्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नका.

दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा होते आणि तिथे एमबीबीएसच्या सगळ्या परीक्षांचे मिळून ५५ टक्के गुण (एससी, एसटीसाठी ५०) हवेत. फॉर्म भरण्याआधी मार्कशीट काढून ही बेरीज करा. जागांच्या यादीत शाखा कुठे ‘जेरियाट्रिक्स’, कुठे ‘जेरियाट्रिक मेडिसिन’ नावाने दिसते, दोन्ही शोधा.

प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद लागतात: प्रवेशपत्र, स्कोअरकार्ड, जागावाटपाचं पत्र, एमबीबीएसच्या सगळ्या मार्कशीट, पदवी किंवा तात्पुरती पदवी, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, राज्याच्या फेरीसाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर. ओबीसी उमेदवारांनी एमसीसीच्या फेरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला तहसीलमधून वेगळा काढून घ्यावा. राज्याचा दाखला तिथे चालत नाही, आणि राउंड लागल्यावर तो काढायला वेळ उरत नाही.