विग्टनच्या हुतात्मा-कबरी आणि एका तहकुबीचा वाद

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील विग्टन गावात चर्चच्या आवारात ज्या कबरी हुतात्म्यांच्या म्हणून दाखवल्या जातात, त्या १६८५ सालच्या आहेत. चर्चवर राजाची आणि त्याच्या बिशपांची सत्ता मानायची की नाही, या जुन्या भांडणाला तोवर उघड बंडाचे रूप आले होते. १६८४ च्या अखेरीस कडव्या प्रेसबिटेरियन (म्हणजे बिशपांची सत्ता न मानणाऱ्या) गटाने राजसत्तेविरुद्ध जाहीरनामा काढला, तेव्हा तो शपथेवर नाकारण्याची सक्ती झाली. या कारवायांत विशेष पुढाकार घेणाऱ्या स्त्रियांना बुडवून मारावे, अशी लेखी सूचनाही निघाली. त्यानुसार ६३ वर्षांची एक विधवा आणि १८ वर्षांची एक शेतकऱ्याची मुलगी यांना ११ मे १६८५ रोजी भरतीच्या पाण्यात खांबाला बांधण्यात आले. दोघींचेही नाव मार्गारेट.

वाद आहे तो ३० एप्रिलच्या आदेशाचा. वृद्धेच्या नावाने दयेचा अर्ज गेला होता आणि एडिंबरो येथील राजाच्या मंत्रिमंडळाने दोघींचीही शिक्षा तहकूब करून राजाकडे माफीची शिफारस केली, हे दप्तरात स्पष्ट आहे. मात्र तहकुबी कोणत्या तारखेपर्यंत, ती जागा कोरी आहे. आणि शिक्षा अमलात आणू नये असा हुकूम विग्टनच्या नव्हे, तर एडिंबरोच्या दंडाधिकाऱ्यांना आहे. राजाची माफी मिळाल्याची नोंद नाही, तशीच बुडवल्याची सरकारी नोंदही नाही. १८५८ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर मोठे स्मारक उभे राहिले आणि पुढच्याच दशकात एडिंबरोच्या एका वकिलाने या कोऱ्या जागेच्या आधारे सारी घटनाच दंतकथा ठरवली. त्याच्या मते कैदी एडिंबरोला हलवले गेले असणार, एरवी तिथल्या दंडाधिकाऱ्यांना हुकूम कशासाठी?

विग्टन ज्या भागात येते त्या गॅलोवेतल्या एका धर्मोपदेशकाने त्याला स्थानिक चर्चच्या इतिवृत्तांनी उत्तर दिले. त्या खटल्यात पंच म्हणून बसलेला विग्टनचा एक प्रतिष्ठित नागरिक १७०४ मध्ये प्रभुभोजनात सहभागी होण्याची परवानगी मागायला आला, तेव्हा या स्त्रियांच्या शिक्षेत आपला हात होता याचे दुःख त्याने चर्चसभेपुढे नोंदवले. १७११ मध्ये दोघींच्या गावांतील चर्चसभांनी घटनेचा वृत्तांत लिहून घेतला, तोही घटना पाहिलेली माणसे हयात असताना. या साक्षी एका पक्षाच्या आहेत हे खरे. पण अर्धवट भरलेल्या हुकमापेक्षा त्यांचे वजन जास्तच भरते. तहकुबी अंमलदारांपर्यंत पोहोचलीच नाही की पोहोचूनही डावलली गेली, एवढाच प्रश्न मग उरतो.

वकिलाच्या आवेशाला आणखी एक कारण होते. तरुणीच्या कबरीवर पद्य कोरलेले आहे. त्यात अत्याचार करणाऱ्यांची चार नावे आहेत आणि शेवटचे नाव ग्रॅहम असे आहे. हा ग्रॅहम म्हणजे राजपक्षाचा प्रसिद्ध सेनानी जॉन ग्रॅहम ऊर्फ क्लेव्हरहाउस याचा भाऊ. लोकांनी मात्र तो दोष सेनानीच्याच माथी मारला होता आणि वकील त्या सेनानीचा चरित्रकार होता.

त्याच आवारात त्याच वर्षी फाशी दिलेल्या तिघा पुरुषांचाही दगड आहे. कायद्याच्या निवाड्याविना फाशी, असे त्यावर कोरलेले आहे. खटला नाही, अर्ज नाही, तहकुबी नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या त्या वादाचा रोख या तिघांकडे कधी वळला नाही.