पार्श्वभूमी : विरोधी बाकांवरचा नेता आमदार निवडतात की पक्ष नेमतो?

निकाल लागला की विरोधी पक्षाच्या आमदारांची बैठक होते, वरून निरीक्षक येतात आणि एकओळी ठराव होतो: नेता निवडण्याचे अधिकार पक्षश्रेष्ठींना. बातमीत छापून येतं, "एकमताने निवड".

खरंखुरं मतदान शोधायला फार मागे जावं लागतं. 1966 मध्ये काँग्रेसच्या खासदारांनी मतं टाकून 355 विरुद्ध 169 असा नेता निवडला, पण तो सत्तेतला पक्ष होता आणि प्रश्न पंतप्रधानपदाचा होता. लोकसभेला पहिला अधिकृत विरोधी पक्षनेता मिळाला काँग्रेसच्या 1969 च्या फुटीनंतर; पदाच्या वेतन-भत्त्यांचा कायदा 1977 चा. 1998 मध्ये विरोधात बसलेल्या काँग्रेसने संसदीय पक्षाची, म्हणजे आपल्या खासदारांच्या गटाची, घटनाच बदलली. संसदीय पक्षाचा अध्यक्ष खासदार नसला तरी चालेल आणि सभागृहातले नेते हा अध्यक्षच नेमेल, असं ठरलं. तेव्हा लोकसभेतलं विरोधी पक्षनेतेपद ज्या शरद पवारांकडे गेलं, ते सव्वा वर्षात पक्षाबाहेर होते. पुढे 2009 मध्ये ते आपल्या माढ्यातून खासदार झाले.

या सगळ्यावर कायद्याची मोहोर उमटली ती शिवसेनेतल्या बंडामुळे. जून 2022 म्हटलं की सोलापूर जिल्ह्याला सांगोल्याच्या आमदारांची "काय झाडी, काय डोंगार" आठवते. गटनेतेपदाचे, म्हणजे सभागृहातल्या पक्षाच्या नेत्याचे, ठराव कुणाच्या लक्षात नाहीत, आणि पुढचं सगळं त्यावरच अडलं. उद्धव ठाकरेंच्या मुंबईतल्या बैठकीने गटनेते एकनाथ शिंदेंना काढून दुसरा नेमला. बंडखोरांनी 34 आमदारांच्या सह्यांचा ठराव करून जुनाच नेता कायम ठेवला आणि स्वतःचा प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) नेमला. विधानसभा उपाध्यक्षांनी पहिला ठराव मानला. 3 जुलैला नवे विधानसभा अध्यक्ष आले आणि त्यांनी दुसरा मानला.

11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांची ती मान्यता बेकायदा ठरवली. गटनेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे आमदारांच्या गटाचा, नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पक्षांतरबंदीच्या अंगाने हे बरोबरच आहे. आमदारांचा गट पक्षापासून तोडून स्वतःच पक्ष म्हणून मिरवू लागला, तर त्या कायद्यात उरतं काय? पण या निकालाची दुसरी बाजू फारशी कुणी बोलली नाही. आमदारांनी बहुमताने आपला नेता निवडायचा, हा कागदावर शिल्लक असलेला हक्कही त्यात गेला. एकओळी ठराव आता निव्वळ शिष्टाचार. गंमत पुढे आहे. पक्ष म्हणजे कोण, हे ठरवायचं काम परत अध्यक्षांकडेच आलं आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांनी बंडखोरांच्या त्याच प्रतोदाला वैध ठरवलं.

दरम्यान, जुलै 2023 मध्ये विधानसभेचे विरोधी पक्षनेते अजित पवारच उपमुख्यमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये पद काँग्रेसकडे गेलं. 2024 च्या निवडणुकीत विरोधकांपैकी सगळ्यात मोठ्या पक्षाच्या जागा 20. 288 च्या सभागृहात दहा टक्के धरले तर 29 लागतात. दहा टक्क्यांची ही अट लोकसभेच्या संकेतातून आली. संसदेच्या 1977 च्या कायद्यात ती नाही. त्यात एवढंच आहे की, विरोधातला सर्वात मोठा पक्ष आणि त्याच्या नेत्याला अध्यक्षांची मान्यता.

महापालिकेचा कायदाही जवळपास हेच म्हणतो, फक्त मान्यता महापौर देतात. 2017 मध्ये सोलापुरात 102 पैकी भाजपचे 49, शिवसेनेचे 21 आणि काँग्रेसचे 14 नगरसेवक आले. मंत्रालयात भाजपसोबत सत्तेत असलेली शिवसेना इंद्रभुवनात, म्हणजे सोलापूर महापालिकेत, प्रमुख विरोधी पक्ष झाली. गटनोंदणी पुण्याला विभागीय आयुक्तांकडे होते. गटनेत्याचं नाव पक्षाच्या पत्रावर असतं. नगरसेवकांनी त्यावर मत द्यायचं, असं विरोधी पक्षनेत्याच्या कलमात कुठे नाही. दोन विरोधी पक्ष समसमान निघाले तर कुणाला मान्यता द्यायची, हेही महापौरच ठरवतात, म्हणजे समोरच्या बाकावरचा माणूस.