शरणपूर (नाशिक)

शरणपूर ही नाशिकमधली जुनी ख्रिस्ती वसाहत. आज नाशिककराला शरणपूर म्हटलं की शरणपूर रोडच आठवतो, दुकानं, क्लासेस, कॅनडा कॉर्नरची गर्दी, पण 1850च्या दशकात ही जागा गावाच्या पश्चिमेला पार बाहेर होती आणि तिथे मुद्दाम एक वेगळं गाव वसवलं गेलं. वसवणारी संस्था चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस, आणि पुढाकार पाळक विल्यम प्राइस यांचा. सीएमएसचं नाशिकमधलं काम 1832 पासूनच चालू होतं.

नाव साधंच आहे, शरण आलेल्यांचं गाव. मराठी बायबलात जुन्या करारात 'शरणपुरे' येतात, ज्याच्या हातून चुकून कुणाचा जीव गेला त्याने सूड घेणाऱ्यांपासून वाचायला पळून जायची नगरं, नाव बहुतेक तिथूनच सुचलं असावं.

वेगळं गाव कशाला? तर तेव्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला घरात जागा उरत नसे. पाणवठा बंद, न्हावी बंद, धोबी बंद, आणि घरचे जिवंत माणसाच्या नावाने अंघोळ करून मोकळे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बारा-एक वर्षांचा, त्याला कोर्टाने आईवडिलांकडे परत पाठवलं आणि मग त्याला शुद्ध करून जातीत घ्यायचं की नाही यावर ब्राह्मणांमध्येच दोन तट पडले, बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणणाऱ्यांमध्ये होते. (नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं असंच ख्रिस्ती गाव वसवलं.) 1850च्या 21व्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं खरं, पण कायदा काही विहिरीवर येऊन पाणी काढून देत नाही. त्यात नाशिक म्हणजे गोदाकाठचं तीर्थक्षेत्र, उपाध्यायांचं गाव. तेव्हा स्वतःची घरं, स्वतःचं पाणी, शेत, शाळा, चर्च असलेलं गाव ही सोयच होती. मिशनवर टीका करणारे याला कळप वेगळा पाडणं म्हणतात, त्यात तथ्यही आहे, पण आधी दार कुणी लावलं हेही बघायला पाहिजे.

यानंतरची गोष्ट नाशिकमध्येही फार जणांना माहीत नसते. अरबी समुद्रात इंग्रजांची जहाजं गुलामांचा व्यापार करणारी गलबतं पकडायची आणि त्यातली आफ्रिकन पोरं, बरीचशी याओ वगैरे जमातींची, एडनला नाहीतर मुंबईला उतरवायची. आता यांचं करायचं काय? घर हजारो मैल लांब, आईबाप कुठे कुणाला ठाऊक. त्यातली बरीच मुलं सरकारने मिशनकडे दिली आणि शरणपूरला आफ्रिकन असायलम, म्हणजे आश्रयगृह, उभं राहिलं. मुलं सुतारकाम, लोहारकाम, शेती आणि वाचन शिकली, मराठी-हिंदुस्तानी बोलायला लागली, आणि नावं मिळाली ती बघण्यासारखी आहेत: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरर, बेंजामिन रटन. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरर ही मिशनऱ्यांची आडनावं, आणि रटन वाचलं की नाशिकलाच 1856मध्ये बाप्तिस्मा घेतलेले पारशी रतनजी नवरोजी आठवतात. ज्या मुलाचं मूळ नाव चेंगविंबे, तो झाला मॅथ्यू वेलिंग्टन. नाव बदलणं हेसुद्धा एक प्रकारे हिरावून घेणंच होतं, तेवढं मात्र कबूल करावं लागतं.

आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा 1865मध्ये त्यांनी शरणपूरची नऊ पोरं बरोबर घेतली. डायरीत त्यांनी या 'नासिक बॉइज'ची कामचुकार म्हणून भरपूर तक्रार केलीय, आणि काही जण वाटेत सोडूनही गेले. 1872मध्ये, लिव्हिंगस्टनला शोधून काढणारा पत्रकार स्टॅन्ली याने त्यांच्याकडे पाठवलेल्या माणसांत अजून सहा जण नाशिकचे होते, त्यात जेकब वेनराइट, फॅरर, वेलिंग्टन. मे 1873मध्ये आताच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. माणसांनी ठरवलं की प्रेत न्यायचंच. फरजल्ला आणि कॅरस फॅररने आतडी-काळीज काढलं, ते झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. प्रेतात मीठ भरून चौदा दिवस उन्हात वाळवलं, कापडात, मग झाडाच्या सालीत, मग शिडाच्या कापडात गुंडाळलं, आणि वाटेतल्या गावांत मढं म्हणून अडवतील या भीतीने कापडाचा गठ्ठा असल्यासारखं बांधून नेलं. वाटेत इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला, म्हणाला इथेच पुरा, यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी 1874ला समुद्र गाठला. 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांमध्ये एकच आफ्रिकन होता, जेकब वेनराइट, नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी. बाकीच्यांना त्या वेळी कुणी बोलावलंच नाही. थडग्याच्या दगडावर मात्र 'विश्वासू हातांनी' आणलं असं लिहिलंय, हात कुणाचे ते नाही.

1873मध्ये सर बार्टल फ्रेअर (आधीचे मुंबईचे गव्हर्नर) यांनी झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार बंद करण्याची बोलणी केली, तो करार शेवटी जूनमध्ये ब्रिटिश कॉन्सल जॉन कर्कने करून घेतला, आणि 1875मध्ये प्राइसनेच मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं, म्हणजे एका अर्थी शरणपूरचीच दुसरी आवृत्ती. नाशिकची आफ्रिकन मंडळी तिकडे गेली आणि इकडचं असायलम बंद झालं. तिकडे यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, सुतार, दुभाषे, धर्मोपदेशक हेच, पण पगार गोऱ्या मिशनऱ्यांपेक्षा कमी, त्यावरून कुरबुरी सतत चालायच्या.

त्यातला विल्यम हेन्री जोन्स हा माणूस वेगळाच. तो, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड 1864मध्येच मोंबासाजवळच्या रबाईला गेले होते. 1885मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना बिशप हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, सोबत जोन्स, पण जोन्सला बहुतेक माणसांसकट मागे थांबवून ते पुढे गेले आणि ऑक्टोबरमध्ये राजा म्वांगाच्या हुकमाने मारले गेले. म्वांगाच्या दरबारातली ख्रिस्ती पोरंही याच काळात जाळली गेली. जोन्सने उरलेला तांडा सांभाळून परत आणला, फेब्रुवारी 1886मध्ये रबाईत शिरताना पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद', शमुवेलाच्या पुस्तकातला शब्द, म्हणजे वैभव गेलं.

रबाईला आधी जॉर्ज डेव्हिडने आणि मग जोन्सने किनाऱ्यावरून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मिशनचं अधिकृत धोरण होतं की पळालेल्यांना ठेवायचं नाही, मालक कोर्टकचेरी आणि हल्ल्याच्या धमक्या देत होते. तरी माणसं येत राहिली, झोपड्या वाढत गेल्या, कागदावर कुणी नसलेले शेकडो जण रविवारी उपासनेला बसत. ज्याला लहानपणी गलबतातून उतरवून घेतलं होतं त्याने दारात आलेल्याला नाही म्हणावं, अशी अपेक्षाच वेडेपणाची होती. शेवटी इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि 1 जानेवारी 1889ला रबाई आणि आसपासच्या 1400हून जास्त लोकांना सुटकेचे कागद मिळाले.

शरणपूरला आज संत आंद्रिया चर्च आहे, उपासना मराठीत होते. लिव्हिंगस्टनबरोबरच्या नाशिकच्या मुलांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यात जास्त जगला, 1935मध्ये मोंबासात वारला. गुलाम पकडणारे आले की वाजवायची फ्रेअरटाउनची घंटा अजून तिथे रस्त्याकडेला उभी आहे.