नफा दिसतो म्हणजे पैसा हातात असतो?

‘नफा-तोटा पत्रकात नफा दिसला की धंदा बिनधास्त विकत घ्यावा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण नफा म्हणजे रोकड नव्हे. माल उधारीवर गेला तरी विक्री लगेच नोंदली जाते. पैसे येतील की नाही, हे त्या आकड्यात नसतं. म्हणून ताळेबंदातली येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे, पाहा. विक्री तेवढीच आणि येणी मात्र फुगत असतील, तर वसुली अडली आहे. मग ३ वर्षांची बँक स्टेटमेंट मागा आणि कर्ज, मालकाने घातलेले पैसे वगळून जमा रकमा विक्रीशी ताडा.

सगळ्यात जास्त निसटतं ते वेगळंच: मालक दिवसभर राबतो, पण स्वतःचा पगार खर्चात लावत नाही. त्याच्या जागी माणूस ठेवायला जे द्यावं लागेल, ते नफ्यातून वजा करा.